तालमीतल्या फोटोतलं माझं तोंड

१२ जाने. १९४९
फुटबॉलची फायनल जिंकली. दोन-एक. दोन्ही गोल माझे. समोर कोण? शिवाजी पेठेतल्या आमच्याच तालमीची टीम, गेल्या सालापर्यंत मी तिच्यातनंच खेळलो! कॉलेजात शिकतो, कॉलेजकडनं खेळतो, यात पाप कसलं? कप घेऊन गल्लीत शिरलो तर लोकांनी दारं लावून घेतली. अडाणी कुठले.

१५ जाने.
तालमीत बायकांना मज्जाव, म्हणून आई बाहेरनंच मारुतीला हात जोडते. आज परतली नि दारातच बसली. दारातनं दिसणाऱ्या भिंतीवर तालमीच्या टीमचा गेल्या सालचा फोटो हाय, त्यात माझ्या तोंडावर काळा कागद डकवलाय म्हणे. डकवणारा वस्ताद दत्तूअण्णा. मला चेंडू मारायला ह्यानंच शिकवलं! आई जेवली नाही. मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या, मुद्दाम.

३ ऑग. १९५२
गुडघा गेला तो गेलाच. आता शाळेत ड्रिलमास्तर. हेडमास्तर म्हणतात, शिट्टी हळू वाजवा, डुलकी मोडते. हे आमचे साहेब!
आई दर शनिवारी तालमीपासनं येते नि सांगते, "कागद हाय अजून." मी विचारत नाही, तरी सांगते.

८ ऑक्टो. १९५६
दत्तूअण्णा घरी! सात वर्षं रस्त्यात तोंड फिरवलं, आज चहा फुरके मारत प्याला.
"तीन वर्सं हरतोय की रं. पोरास्नी जरा शिकीव."
म्हटलं, "आधी भिंतीवरचं माझं तोंड उघडं करा. मग बघू."
"व्हय की! त्यात काय?"
आईनं न विचारता त्याला दुसरा कप दिला.

१० ऑक्टो.
गेलतो. सगळी टीम उभी. अण्णानं काच काढली, पाण्याचं बोट लावून कागद सोलला. खळ पक्की. कागदाबरोबर तोंडही निघालं. जर्सी हाय, पाय हायत, वर नुसता पांढरा पुठ्ठा.
म्हातारा रडाय लागला. "दुसरा फोटो आण लेका, लगीच टांगतो."
आता रडतोय! लाज नाही मेल्याला. रडू मलाही आलं, त्याचाच जास्त राग.

११ ऑक्टो.
ट्रंक उपसली. खेळतानाचा फोटो एकच. कॉलेजची जर्सी, हातात त्या फायनलचाच कप.
आईनं पदरानं पुसला. म्हणाली, "ह्योच दे."
उद्या नेतो. बघू टांगतात का.