बोल्ट गप्प झाला तेव्हा

४ फेब्रुवारी, मंगळवार

कप्तानाची जीप आली. हा माणूस जन्मात जहाजावर चढलेला नाही; पण दरवर्षी गाड्यांचा तांडा घेऊन रेताडात, डोंगरात शिरतो आणि सगळ्यांना धडपणे परत आणतो, म्हणून कप्तान. तक्रार आरशांची. लांब दांड्यांचे दोन्ही आरसे चिंचोळ्या वाटांत खडकाला घासतात. ते काढून आखूड, दुमडणारे लावायचे. एवढंसं काम! पण आरसे निघत नाहीत.

दांडी दाराच्या बिजागरीत बसते आणि खालून एक बोल्ट तिला धरून ठेवतो. समुद्रकाठी गाडी दामटून खारं पाणी आत मुरलंय. लोखंडाचा बोल्ट, ॲल्युमिनियमची बिजागरी — दोघांनी एकमेकांना असं धरलंय, की नवरा-बायकोनेही धरू नये.

"सगळी गॅरेजं फिरून आलोय, मालक. एकाने तर म्हटलं, बिजागरीच कापून टाकू. मी म्हटलं, आधी तुझा कान काप!"

"आमच्याकडे कापाकापी होत नाही," म्हणालो. ऐटीत म्हणालो.

मग मी केबिनमध्ये हिशेबाला बसलो. कप्तान धाकट्याला नळापाशी घेऊन गेला आणि हळू आवाजात बोलला. माझे कान म्हणजे — असो. सगळं ऐकू आलं. "हे दोन्ही न मोडता काढलेस, तर यंदा तांड्याचा मेकॅनिक तू. पुढेही तूच. तिकडे मला घाई करणारा माणूस चालत नाही."

धाकटा हसला. माझा भाऊ असा मोठ्याने हसतो, हे मी विसरूनच गेलो होतो.

५ फेब्रुवारी, बुधवार

डावा निघाला! कसा काढला ते लिहून ठेवण्यासारखं आहे. गंज सोडवणारं तेल रात्रभर मुरवलं. सकाळी बिजागरीला ज्योत दाखवली — बोल्टला नाही, भोवतीच्या ॲल्युमिनियमला, म्हणजे ते फुगून जरा सैल होतं. आणि मग पाना लावून बोल्ट सोडवायच्या ऐवजी आधी थोडा आवळला! आवळला की गंजाची पकड तुटते. मग सोडवला. पुन्हा आवळला. पुन्हा सोडवला. रडणारं पोर मांडीवर हलवावं तसा. तासभर चाललं होतं.

मी बघत नव्हतो, पाठमोरा उभा राहून ऐकत होतो. सुटणारा बोल्ट कुरकुरतो. कोरडी, चिडकी कुरकुर. मोडणारा बोल्ट कुरकुरत नाही. तो एकाएकी गप्प होतो, पान्याखाली मऊ लागतो. आणि तिथे हात थांबवला नाही, की संपलं. हे धाकट्याला मीच शिकवलेलं. त्याचा बोल्ट शेवटपर्यंत कुरकुरत बाहेर आला.

ही म्हणाली, "भाऊजींची बॅग माळ्यावरून काढून ठेवू का? जाणार म्हणे."

"उजवा निघू दे आधी," म्हणालो. ही माझ्याकडे बघतच राहिली.

एका पान्यावर उभं केलेलं गॅरेज आहे हे. पाटीवर नाव माझं. पण गिऱ्हाईक गाडीतून उतरल्यावर विचारतं ते — "धाकटे आहेत का?" मी गोड बोलतो, चहा पाजतो, गिऱ्हाईक टिकवतो. काम त्याचे हात करतात. तो चार महिने गेला तर गॅरेज चालेल. पण एकदा गेलेला माणूस परत येऊन पुन्हा माझ्या हाताखाली उभा राहील?

६ फेब्रुवारी, गुरुवार

लिहावं की नाही? लिहितो. दुसरं कुणाला सांगणार!

धाकटा सकाळीच म्हणाला, "उजव्याला आज हात लावू नकोस, दादा. काल तापवलाय, तेल पाजलंय. आणखी एक रात्र मुरू दे." आणि बाकावर जाऊन डावा आरसा पुसत बसला. पाठ माझ्याकडे.

मी पाना लावला. नुसतं बघू या, म्हटलं. बोल्ट कुरकुरला. छान कुरकुरला! आणखी ओढला. कुरकुरला.

मग गप्प झाला.

मला ऐकू आलं. गॅरेजात दुसरा कसलाही आवाज नव्हता. पान्याखाली तो मऊ, लोण्यासारखा लागला. थांबायला वेळ होता — अगदी पुरेसा वेळ होता. नळापाशी हसलेला धाकटा डोळ्यांसमोर आला. आणि मी ओढला.

कट्ट.

डोकं पान्यात आलं, बाकीचा बोल्ट बिजागरीत.

धाकटा उठून आला. वाकून बघितलं. तुटलेल्या जागेवरून बोट फिरवलं. म्हणाला, "कालच जास्त तापवला वाटतं मी. माझंच चुकलं."

"असेल," म्हणालो मी. असेल!!

७ फेब्रुवारी, शुक्रवार

कप्तान आला. तुटका बोल्ट बघून त्याचा चेहरा पडला. "कुणाच्या हातून?"

मी तोंड उघडायच्या आत धाकटा — "माझ्या."

माझं तोंड उघडंच होतं. तसंच मिटलं.

"वाळूत असं झालं असतं तर सगळे तिथेच अडकलो असतो रे," एवढंच बोलून कप्तान गेला. रागावला असता तर बरं झालं असतं.

८ फेब्रुवारी, शनिवार

धाकट्याने तुटक्या तुकड्यावर वेल्डिंगने नट चिकटवला आणि तोच आवळत-सोडवत तुकडा अख्खा बाहेर काढला. बिजागरीला ओरखडा नाही, आटे शाबूत. असा हात माझा उमेदीतही नव्हता. नवे आरसे बसवले, गाडी पुसली, किल्ली खिळ्याला टांगली आणि पुढच्या गाडीखाली शिरला.

मी दोन-तीन विनोद केले. हसला. नेहमीचं, माझ्यापुरतं हसू.

रात्री ही म्हणाली, "बॅग परत माळ्यावर टाकली भाऊजींनी. स्वतःच टाकली. तुम्हाला सुटल्यासारखं वाटत असेल ना?"

"म्हणजे काय?"

"काही नाही. भाजीत मीठ कमी आहे का, विचारलं."

९ फेब्रुवारी, रविवार

सुट्टी. दोनदा त्याच्या दारापर्यंत गेलो. दोनदा कुत्र्याला बिस्कीट घालून परत आलो. कुत्रं खूश आहे.

१० फेब्रुवारी, सोमवार

कप्तान गाडी न्यायला माणूस पाठवणार होता. मीच गाडी घेऊन त्याच्याकडे गेलो. वाटभर बोलायची तयारी केली. भाषण चांगलं झालं होतं. तो अंगणात तंबू झटकत होता. त्याला बघून सगळं विसरलो.

"बोल्ट मी मोडला."

"बरं," तो म्हणाला. "पण तो तर म्हणाला —"

"त्याने हात लावला नव्हता. लावू नको म्हणून मला सांगितलंही होतं."

"अहो, पण तुम्ही तर कानाने बोल्ट काढता म्हणे! तुमच्या हातून कसा मोडला?"

इथे खोटं बोलायला जागा होती. वय झालं, हात घसरला — काहीही चाललं असतं, वर त्याने चहाही पाजला असता.

"ऐकू आलं होतं," म्हणालो. "तरी ओढला. तो जाऊ नये म्हणून."

कप्तानाने तंबू खाली ठेवला. मग किल्ली घेतली, आरसा दुमडून बघितला, उघडून बघितला. "काम झकास आहे," म्हणाला. कुणाचं, ते दोघांनाही ठाऊक होतं. चहा विचारला नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

कप्तानाचा फोन धाकट्याला आला. बॅग खाली उतरली.

कप्तानाने त्याला काय सांगितलं, विचारायचा धीर झाला नाही. दिवसभर त्याच्या मागे-मागे फिरत होतो — हा पाना ने, तो ने, वाळूत मिळणार नाही. "दादा, गाडीत मला बसायलाही जागा ठेव!" म्हणाला. मी सगळं बोलून टाकेन असं वाटलं. गोटी पाने पुसत बसलो.

१२ फेब्रुवारी, बुधवार

गेला. तांडा कोपऱ्यावर उभा होता, हॉर्न वाजत होते. मी त्याचा हात धरला आणि एकदाचं सांगितलं — तो बोल्ट गप्प झाला होता, रे. मला ऐकू आलं होतं.

"मलाही आलं होतं, दादा," म्हणाला. "बाकावर बसून ऐकत होतो. म्हटलं, बघू, थांबतोस का."