तीन वर्षांची ओळख

शुक्रवार, ५ जुलै १९७४, महाल

चारित्र्याचा दाखला मिळाला. मेडिकलच्या अर्जाला तेवढाच लावायचा राहिला होता. मग आनंद का होत नाही?

सदरमधल्या त्या साहेबाच्या खोलीबाहेर बाबांनी चपला काढल्या. ऑफिस होतं ते, देऊळ नव्हतं. बाकी सगळे बूट घालून आत-बाहेर करत होते, आणि जन्मभर मागावर लुगडी विणणारे माझे बाबा दोन तास अनवाणी उभे. साहेबानं चहा घेतला, फोनवर जावयाशी गप्पा मारल्या. मग छापील कागद ओढून सही केली, शिक्का मारला आणि विचारलं, "अर्ज मुलाचा ना?"

"नाही साहेब, हिचा," बाबा म्हणाले.

"मुलीला डॉक्टर करता? बरं."

आणि मी काय केलं? थँक यू सर म्हणाले. जीभ कशी झडली नाही माझी?

बाहेर चपला घालताना बाबा म्हणाले, "काम झालं ना वं. मंग काहून रागावून राहिली?"

आत्ता दाखला नीट वाचला. 'अर्जदारास मी गेली तीन वर्षे व्यक्तिशः ओळखतो. वर्तणूक चांगली आहे.' व्यक्तिशः! त्यानं मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

फाडावासा वाटतो. पण फाडला तर दुसरा साहेब शोधायचा, आणि त्याच्या दाराशी बाबा पुन्हा चपला काढणार.

म्हणून उद्या सकाळी मीच हा खोटा कागद पोस्टात टाकणार आहे. माझ्या चांगल्या वर्तणुकीचा.