म्हशीची भाकरी

सीमेवरच्या चौकीतून

नजीरा, तुला सलाम आणि मेहकला दुआ.

आज सकाळी नमाज झाल्यावर मी माझ्या वाटणीची एक रोटी चौकीतल्या खेचराला घातली. पोरं हसली. "सुभेदारसाहेब, खेचराला पाव्हणचार व्हय?"

मी ठीक आहे. तोफा चालतात, पण लांब. हाताला पट्टी आहे, ती चहा सांडल्यामुळे. आज तोफा थांबल्या आणि बर्फाचे डोंगर असे शांत उभे राहिले, की अल्लाचं नाव आपोआप ओठांवर आलं.

पण त्याहून जास्त थक्क मला मेहकने केलं. इथले फोन बंद होण्याआधी ती म्हणाली, "अब्बा, अम्मी रोज रात्री तुमच्या वाटणीची भाकरी थापती आणि सकाळी म्हशीला घालती. विचारलं तर म्हणती, म्हस दूध तरी देती, सुभेदार नुसती पत्रं देतोय!"

मी हसलो. घर मी राखतो, असंच मला वाटत होतं. इतकी वर्षं माझी भाकरी रोज तव्यावर पडत होती आणि तू एकदाही 'परत या' म्हणाली नाहीस. हे बळ तुला कुठून मिळालं?

गुडघा कसा आहे? गोठ्याचा पत्रा बसवलास का?

साहेब नोकरी दोन वर्षं वाढवून देत होते. मी उत्तर टाळत होतो. खेचराचं खाऊन झालं, तसा हात धुऊन त्यांच्याकडे गेलो आणि नको म्हणून सांगून आलो.

उन्हाळ्यात कायमचा येतोय. म्हशीला सांगून ठेव.

तुझा,
मौला