एक धडधाकट माणूस

आबा,

दादा कालपासून भाताला शिवलेला नाही. हिरड्यांतून रक्त येतं, दात हलायला लागलेत, तरी मुंबईच्या एका वैद्याकडून आणलेली औषधाची पुडी तो सकाळ-संध्याकाळ मधातून चाटतो. महाडहून डॉक्टर येऊन स्पष्ट सांगून गेले की पुडीत पारा आहे, ती थांबली नाही तर हा वाचणार नाही. दादा म्हणतो, मी काय केलंय ते डॉक्टरला कुठं ठाऊक हाय.

मला ठाऊक आहे. नाते गावी माहेरी जाताना वहिनीने रडत सांगितलं. गिरणीत लागल्यावर, खोलीवर एकटा असताना, त्याला हाताची सवय लागली. आता आपल्यात काही उरलं नाही म्हणून लग्नाला वर्ष झालं तरी तो तिच्याजवळ गेला नाही, आणि शेवटी तिला परत पाठवली. पुडीवाल्या वैद्याने त्याची भीती वाढवली, पण घातली तुम्ही, आबा. पोलादपूरची तुमची तालीम आठवते. मी दुधाचा तांब्या घेऊन दारात उभी आहे, गडी अंगाची माती पुसताहेत, आणि तुम्ही सांगताय की ही खोड लागली की हाडं आतून पोखरतात, पोर होत नाही, माणूस वेडा होऊन मरतो. दुसऱ्या दिवशी मुंबईला निघायचा म्हणून दादा सगळ्यांत पुढे बसलाय. तुम्ही मायेनेच सांगत होता. तुम्हालाही कुणीतरी तसंच सांगितलं असणार.

आज दुपारी मी धीर करून त्याच्यापाशी बसले. पुण्याहून आणलेलं एका डॉक्टरांचं पुस्तक उघडलं आणि हस्तमैथुन हा शब्द त्याच्यासमोर वाचला. त्याने भिंतीकडे तोंड केलं.

"बहीण हायस गो माझी. ह्याच्यासाठी तुला बी.ए. केली?"

"ऐक तरी. याने काही बिघडत नाही, असं लिहिलंय."

चुलीजवळून आईने विचारलं, "कसली पोथी गो?"

"वैराग्याची," दादा म्हणाला.

"मग मोठ्यानं वाच. मला पण ऐकू दे."

कितीतरी दिवसांनी तो हसला. मग हळूच म्हणाला, "पुस्तक तर पुडीवाल्याचं पण हाय. मला एक माणूस दाखव, ज्यानं हे केलं आणि जो धडधाकट हाय. दाखवलास तर पुडी आत्ता चुलीत टाकतो."

मी पान उलटलं.

आबा, तो माणूस त्याच्या उशाशीच बसला होता. बी.ए.च्या शेवटच्या वर्षापासून मलाही ती सवय आहे. मला काही झालेलं नाही. गांधारपाल्याची लेणी मी न थांबता चढते. बायकांनी शरीराची लाज सोडावी म्हणून सभेत बोलते. आणि ज्याच्या पगारावर शिकले त्याला एवढं एक वाक्य सांगायला माझं तोंड उघडत नाही.

तुम्हाला लिहिता आलं, कारण तुम्ही गेलात, हे वाचणार नाही. आत तो संध्याकाळची पुडी उघडतोय, कागदाचा आवाज येतोय, आणि मी अजून लिहीतच बसले आहे.