वरच्या फळीवरचं वजन

मुलुंड पूर्व
गुरुवार

प्रिय दर्शना,

सप्रेम जयभीम. काल फोनवर तू म्हणालीस, "अण्णा, आम्ही रविवारी दहाला टेम्पो घेऊन येतो, चैतन्यदादाची नाव काढून ठेवा." मी हो म्हणालो. मग म्हणालीस, मुकुलराव अपूर्वाला पुढं बसवून खाडीत एक चक्कर मारणार आहेत, नाव अशी पडून राहायला नको. त्यालाही हो म्हणालो. फोनवर तू भराभर बोलतेस आणि मी हो म्हणत जातो. म्हणून लिहितो आहे. नाव पुन्हा पाण्यात जाता कामा नये, आणि सात वर्षांच्या नातीला घेऊन तर नाहीच. पत्र शेवटपर्यंत वाच, मगच टेम्पोवाल्याशी बोल.

गॅरेजात नावेचा रॅक झाला तेव्हा तू कांदिवलीला तुझ्या घरी होतीस. चैतन्यनं आधी ती वाळूवर चालवायची गाडी आणली, चार जाड चाकांची, अलिबागच्या कुणाची तरी वापरलेली. मग ही पिवळी प्लास्टिकची नाव, कयाक, दोन माणसांची, बारा फुटी. आपल्या गॅरेजात माझी स्कूटर उभी केली की अंग चोरून बाहेर यावं लागतं, तुला माहीत आहे. सोसायटीचे भाऊराव रोज दारात उभे राहायचे. "काय कुंडलिकराव, मुलुंडला समुद्र येणार आहे का? आधी सांगा हां, तळमजला विकून टाकतो." तुझी आई आतून म्हणायची, "विका की. तुमची ती सायकल पण न्या जिन्यातली." मी मरोळच्या कारखान्यात चौतीस वर्षं लोखंडाचं फॅब्रिकेशन केलं, पण घरासाठी एक स्टूलसुद्धा कधी बनवलं नव्हतं. चैतन्य म्हणाला, "अण्णा, बाजारचा रॅक नको. तुम्ही करा. वर जाऊन झोपलो तरी वाकायला नको." अडीच इंची अँगल आणला. खाली स्कूटर, मध्ये ती गाडी, सगळ्यात वर कयाक. गाडी चेन-पुलीनं चढवली तेव्हा तो लहान पोरासारखा टाळ्या वाजवत होता. बत्तीस वर्षांचा घोडा.

त्याला जाऊन चौदा महिने झाले. तो दर रविवारी पहाटे नाव घेऊन निघायचा, दहाला घरी पोहे खायला. त्या रविवारी कयाक संध्याकाळी खारफुटीत अडकलेली सापडली, मागचं टोक पाण्याखाली. तो दुसऱ्या दिवशी. वारा होता, ओहोटी जोरात होती, असं पंचनाम्यात लिहिलं. लोक मात्र लाइफ जॅकेटवरच बोलत राहिले. तो ते पायाशी ठेवायचा, अंगात घालायचा नाही. तूही तेच म्हणालीस. मी कुणाला काही म्हणालो नाही.

पोलिसांनी नाव परत दिली तेव्हा मी ती पुन्हा वरच्या फळीवर ठेवली. फळी म्हणजे दोन लांब अँगल, दुसरं काही नाही. रिकामी नाव तीस किलोची. तेवढ्यानं अँगल मधोमध पाऊण सूत खाली येतो, पट्टीवर जेमतेम सव्वादोन मिलिमीटर. ते मी रॅक केला तेव्हाच मोजलं होतं. यंदा जानेवारीत गॅरेज झाडताना वर नजर गेली. चौतीस वर्षांची नजर आहे, तिला सरळ आणि वाकडं आपोआप कळतं. दोन टोकांना दोरी बांधून ताणली. अडीच सूत बाक. नाव हलवून पाहिली, आत काही नव्हतं. मग भाऊरावांना हाताशी घेऊन ती खाली उतरवली. अँगल सरळ झाला. परत चढवली, पुन्हा अडीच. दुसऱ्या दिवशी नावेच्या जागी नुसती वजनं ठेवून पाहिली, सिमेंटची पोती, वाळूच्या पिशव्या. एकशेचार किलोला अडीच सूत भरलं. नावेचे तीस वजा कर. चैतन्यचं वजन तुला आठवत असेल.

आपण भूतप्रेत मानत नाही. तुम्हा दोघांना मी तसंच वाढवलं. म्हणून रोज मोजलं, उन्हात, गारव्यात, स्कूटर काढून, स्कूटर ठेवून. सोमवार ते शनिवार अडीच सूत. रविवारी सकाळी पाऊण. रविवारी दहाच्या पुढं पुन्हा अडीच. लोखंड खोटं बोलत नाही आणि त्याला वार कळत नाहीत. तुझ्या आईला मी यातलं अक्षरही सांगितलं नव्हतं. एका रविवारी आठच्या सुमारास मी खाली दोरी धरून उभा होतो. ती चहा घेऊन आली. वर बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, "दहाला या परत. आत्ता नसतो तो." मी विचारलं, "कमल, तुला कुणी सांगितलं?" ती म्हणाली, "सांगायला कशाला हवं? पोहे मी अजून दहालाच करते ना." आणि कप घेऊन वर गेली. 

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. तो गेला त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी, मी रॅकला वेल्डिंग केलं. वरची चौकट किंचित हलत होती, तिला तिरका पट्टा मारायचा होता. नाव खाली घ्यायला दोन माणसं लागतात. चैतन्य कामावर होता, मी एकटा. नाव तशीच ठेवली, वर तोंड करून, आणि तिच्यावर उभं राहिल्यासारखं शिडीवरून काम केलं. कारखान्यात वेल्डिंगचा रॉड संपत आला की उरलेला लाल तुकडा न बघता टाकून द्यायची सगळ्यांनाच सवय. खाली लादी असायची. जळक्या प्लास्टिकचा वास आला. मला वाटलं, केबल तापली. पोलिसांकडून नाव आली आणि भाऊराव आणि मी ती उचलत होतो, तेव्हा राहिलेलं पाणी एकाच जागेतून ठिबकत होतं, मागच्या सीटखालून. तुरीच्या डाळीएवढं भोक. कड वितळून गोल झालेली. भाऊरावांचं लक्ष नव्हतं. मी त्यावर फडकं धरलं. भोक बुजवायला पाच मिनिटं पुरतील, पण ते मी अजून बुजवलेलं नाही. टेम्पोवाल्याला नको म्हणून कळव. रविवारी तू एकटीच ये, अपूर्वाला आणू नकोस. मुकुलरावांना कारण सांगू नकोस, ते मी सांगेन. तुझ्या आईला आज संध्याकाळी सांगणार आहे. त्यानंतर रविवारी तुला दार कोण उघडेल, हे मला आज सांगता येत नाही.

तुझाच,
अण्णा