धोबी पक्ष्याची हजेरी

कसबा बावडा, कोल्हापूर
१८ एप्रिल

चि. सौ. प्रियदर्शनी हिला बाबांचे भरभरून आशीर्वाद. जावईबापूंना नमस्कार, बाळाला पापा. तुम्हा सगळ्यांच्या तब्येती बऱ्या असतील. इकडे मी ठीक आहे (कमरेचं पुढे येईलच).

तुझी आई ऑक्टोबरात बाळंतपणासाठी बंगळूरला आली, त्याच आठवड्यात आपल्या परसात पिवळ्या पोटाचा धोबी पक्षी आला. धुण्याच्या दगडावर दिवसभर शेपटी वरखाली. मी कारखान्यात तीस वर्षं टाइमकीपर, हजेरी मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही. वही आखली. चिमण्या, बुलबुल, कावळे 'कायम'. धोबी आणि समोरच्या पिंपळावरच्या भोरड्या 'हंगामी'. (कावळ्यांना दोनदा ताकीद दिली आहे.) गळीत हंगाम संपला तशा भोरड्या गेल्या. धोबी राहिला. सकाळी चहा घेताना मी त्याच्याशी बोलायचो. तो माझं बोलणं मध्येच तोडत नाही, हे मला संसारात नवीनच होतं. फोनवर आईला त्याचं इतकं कौतुक सांगितलं, की म्हणाली, "मी येईस्तोवर थांबवा की त्याला!" ती सहज म्हणाली असेल. मी मनावर घेतलं.

दगड ओला असला की त्याला किडे मिळतात, हे मी हेरलं होतं. मग दगड वाळू द्यायचाच नाही असं ठरवलं. ओव्हरटाइम मिळतोय म्हटल्यावर कोण घरी जातं? येता-जाता तांब्याने पाणी. शेजारचे ख्वाजाभाई भिंतीपलीकडून म्हणाले, "टाइमकीपर, पाखरू हाय ते. हिमालयाकडं जायचंय त्येला. तुमच्या दगडासाठी ऱ्हाईल व्हय?" मी लक्ष दिलं नाही. पंधरा दिवसांत दगडाभोवती शेवाळ धरलं आणि मंगळवारी तांब्यासकट मी आडवा झालो. ख्वाजाभाईंनी आपल्या भाजीच्या टेम्पोत, कोबीच्या पोत्यांवर निजवून दवाखान्यात नेलं. हाड शाबूत आहे. फातिमावहिनी दोन्ही वेळचा डबा पाठवतात (आईला सांग, त्यांच्या आमटीत मीठ बेताचं असतं. नको, सांगू नकोस).

धोबी बुधवारपासून गैरहजर. तीन दिवस वाट पाहिली, आज लाल शाईने फुली मारली. चिमण्या आहेत, बुलबुल ओरडतायत, तरी मला परसात बसवत नाही. चहा दोन कपांचा होतो आणि एक ओतून द्यावा लागतो. करमत नाही, पोरी. अजिबात करमत नाही.

तुझा,
बाबा

ता. क. – तू जूनमध्ये कामावर रुजू होईपर्यंत आईला ठेवून घेणार म्हणतेस. बाळाला आजी हवी, हे मला कळतं. पण मधे पंधरा दिवस तरी तिला इकडे पाठव.

आणखी एक – कमरेचं आणि वरच्या ओळींचं आईला कळू देऊ नकोस, जिवाला लावून घेईल. पत्र वाचून कपाटात टाक. चुकून तिच्या चष्म्याखाली राहिलं, तर मात्र मी तुला रागावणार नाही.