गोठ्याची पट्टी

ता. ११ एप्रिल १९६४

बैठकीत सात जनावरं उभी केली आज. माझ्या नव्या बैठकीत, शहाबादी फरशीवर!

पंचायतीचा ग्रामसेवक इंद्रभान फीत घेऊन गावातली घरं मोजत फिरतो आहे. घरपट्टी बसवायची म्हणे. माडीची वेगळी, झोपडीची वेगळी, गोठ्याची वेगळी. माझ्या माडीला वर्षाचे चाळीस रुपये बसतात, असं तो सरपंचाजवळ बोलला. झोपडीला दोन. गोठ्याला एक. राग पैशाचा नाही. चाळीस रुपये माझ्याकडे पानसुपारीला जातात. पण जानेफळचं कालपरवा मिसरूड फुटलेलं पोरगं माझ्या घराला फीत लावणार, आणि मी बाजूला उभा राहून त्याला खण मोजून दाखवू?

सकाळीच कचरूला म्हटलं, गाद्या-तक्के वर ने अन् गुरं आत घे. कचरू माझा सालदार, वीस वर्षं झाली. त्याने दोनदा विचारलं. मग घेतली. कडबा टाकला. इंद्रभान दारात आला. "महादेवराव, हे काय?" म्हटलं, "गोठा. दिसत नाही? लिही."

"अन् वरचा मजला?"

"कडबा ठेवतो."

सरपंच अर्जुनराव त्याच्या मागेच उभा होता. माझा साडूच तो, सुभद्राच्या बहिणीचा नवरा. तोंडावर उपरणं धरून हसला. इंद्रभानने खाली मान घालून लिहिलं — गोठा, एक. तो गेल्यावर मी पोट धरून हसलो.

ता. १२ एप्रिल

पंचायतीची माणसं पुन्हा तपासायला येणार. तोवर गुरं आतच राहू देत. सुभद्रा बोलत नाही. वाढताना एवढंच म्हणाली, "पाव्हने आले तं त्यायले कुठं बसवता? गव्हानीत?"

ता. १९ एप्रिल

तपासणी झाली. गुरं बाहेर काढली. फरशी तीनदा धुतली, गोमूत्राचा वास काही जात नाही. उदबत्त्या लावल्या तर आणखीच घाण वाटायला लागलं.

ता. २१ एप्रिल

गंमतच झाली. दिवेलागणीला गुरं रानातून आली. बाकीची मागच्या गोठ्याकडे वळली आणि पवळ्या बैल सरळ पायऱ्या चढून बैठकीत. आठ दिवस बांधला होता त्याच जागी, माझ्या खुर्चीसमोर येऊन उभा. कचरू म्हणे, "त्याले वाटते मालक, हे त्याचंच घर."

ता. २६ एप्रिल

माझं पाहून पुढच्या आळीतल्या सगळ्यांनी तेच केलं. भाऊरावाने तर दिवाणखान्यात म्हशी बांधल्या. गावातली बारा चिरेबंदी घरं आता कागदावर गोठे आहेत. पारावर कोणीतरी म्हणालं, "आपलं गाव आता गुरायचंच झालं." सगळे हसले. मला कोण जाणे का, तेवढं हसू आलं नाही.

ता. ३ मे

जनकाबाई आली होती. पुंजाजीची बायको. नाल्यापलीकडे तीस-एक झोपड्या आहेत, त्यातल्या एकीत एकटीच राहते. पुंजाजी वारला तेव्हा तिचा बैल मी घेतला. तोच पवळ्या. दोन वर्षं झाली, पण चार-आठ दिवसांनी ही पदरात ओंजळभर सरकी बांधून येते, त्याला चारते, मानेवरून हात फिरवते आणि जाते. कोणी तिला अडवत नाही.

आज पावती घेऊन आली. "मालक, वाचा बरं हे." वाचली. जनकाबाई पुंजाजी, घर एक, पट्टी दोन रुपये, जमा एक, बाकी एक.

"घर म्हनून लिवलं?"

"हो."

"म्हनजे माह्या झोपडीले सरकार घर म्हनते, अन् तुमच्या माडीले गोठा. बरंच झालं. म्हातारपनी घरमालकीन झाली मी." तोंडाला पदर लावून हसली. मग म्हणे, "अन् माहा पवळ्या माडीत राह्यते. त्याचंही नशीब निंघालं." राहिलेला रुपया पोळ्याच्या आधी भरीन म्हणाली.

ता. २१ मे

इंद्रभान येऊन डोकं खाऊन गेला. नाल्यावर पूल व्हायचा आहे. गावाने एक हिस्सा उभा केला तर तीन हिस्से जिल्हा परिषद देणार. गावाचा हिस्सा पट्टीतून. आणि पट्टी जमली नाही.

"झोपड्यायनं भरली, महादेवराव. गोठेच राह्यले."

मला चीड आली. म्हटलं, मारुतीचा सभामंडप कोणी बांधला? सप्ताहाची पंगत दरसाल कोणाची असते? बाळंतीण अडली की बुलढाण्याला बैलांची दमणी कोणाची जाते? या गावात मी दिलं नाही असं एक काम दाखव. मी देतो ते माझ्या मनाने देतो, माझ्या हाताने देतो. मागून, मोजून, पावती फाडून घेतलेलं ते कसलं देणं?

तो ऐकत होता. मग हळूच म्हणाला, "तुमी देता तवा गाव तुमच्यापुढं हात जोडून उभं राह्यते. पट्टी देली तं कोनाले हात जोडा लागत नाही. तेवढाच फरक हाय."

चार बुकं शिकला म्हणून माझ्याच ओट्यावर बसून मला शिकवतो. मी गोठ्याचा रुपयासुद्धा भरलेला नाही. मुद्दामच. पाहू काय करतात ते.

ता. ९ जून

पवळ्या रोज येतो. आता गंमत वाटत नाही. काही करत नाही, नुसता उभा राहतो, माझ्याकडे तोंड करून. आज अडत्या आला होता, त्याच्यादेखत आला. अडत्या म्हणाला, "बैल मोठा अदबीचा हाय तुमचा."

ता. १३ जून

दार लावून बसलो. तो बाहेर उभा राहिला. दाराच्या फटीशी त्याचा श्वास ऐकू येत होता. तास झाला असेल. शेवटी सुभद्रानेच दार उघडलं. "येऊ द्या त्याले. तुमीच लिवून देलं ना."

ता. १४ जुलै

दवंडी पिटली. जुलैच्या एकतीस तारखेच्या आत पट्टी भरा, नाही तर जप्ती. भांडीकुंडी, गुरंढोरं, सापडेल ते. अर्जुनरावाचा यात हात नाही, वरून हुकूम आला म्हणे.

दुपारी ओट्यावर पाच-सहा जण बसलो होतो. जनकाबाई आली. म्हणे, "मालक, गोठ्याची पट्टी भरली ना तुमी?"

"नाही भरली."

"मंग व्हो?"

"मंग काय! तुझा पवळ्या पहिला नेतील ओढून. गोठा त्याच्याच नावावर हाय ना."

ओट्यावर हशा पिकला. ती हसली नाही. सरकी चारली, जरा वेळ त्याच्या गळ्याशी उभी राहिली आणि गेली. नांगराचा बैल कायद्याने कोणी नेत नाही, पण तिला काय कळतं!

ता. ३१ जुलै

दुपारपासून वरच्या अंगाला धो-धो लागला आहे. नाला भरून आला. जनकाबाई घरी पोचली नाही म्हणतात. कचरू आणि चार जण पाहायला गेले आहेत.

ता. १ ऑगस्ट

सापडली. कोसभर खाली, बाभळीच्या मुळात अडकलेली.

शेवटची तारीख म्हणून पट्टी भरायला अलीकडे आली होती. रुपया भरला आणि निघाली. शिपाई म्हणाला होता, म्हातारे, थांब, पंचायतीच्या ओसरीतच पड आज. ती म्हणे, घरी दिवा लावा लागते. बस. एवढं बोलून पाण्यात उतरली.

यात माझा काय संबंध? पाऊस माझा नाही, नाला माझा नाही. तिने तिची पट्टी भरली. वीस वर्षं ती त्याच पाण्यातून ये-जा करत होती. लाकडं माझ्या मळ्यातली दिली, कफनाचं कापड दिलं. सगळं केलं मी.

ता. २ ऑगस्ट

पवळ्याने वैरणीला तोंड लावलं नाही.

ता. ६ ऑगस्ट

आज सुभद्राला म्हटलं, समज, साऱ्यांनी पट्टी भरली असती, तरी पूल कुठे लगेच झाला असता? सरकारी काम. दोन वर्षं नुसती कागदांतच गेली असती.

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मंग दोन वर्सानं जी जाईन, तिले तरी वाचवा."

मी उठून बाहेर आलो. जाऊन बसायला जागा नाही. पारावर जावं तर माणसं बोलता-बोलता गप्प होतात. बैठकीत बसावं तर तो आहेच. आता तो माझ्याकडे तोंड करत नाही. दाराकडे करतो. ती यायची त्या वेळेला कान टवकारतो. आणि मीही दाराकडे बघत राहतो. मला वाटतं, आता पायऱ्यांवरून आवाज येईल, मालक, वाचा बरं हे.

भीती वाटते. साठाव्या वर्षी, ऐंशी एकरांचा धनी, मला बैलाची भीती वाटते. हे कोणाला सांगू?

ता. ९ ऑगस्ट

पवळ्याला लांबच्या मळ्यात बांधायला सांगितलं. दुहेरी दोर.

ता. १० ऑगस्ट

दिवेलागणीला आला. तुटका दोर गळ्यात, फरशीवर घासत.

ता. १२ ऑगस्ट

जनकाबाईची तेरवी. खर्च मीच केला. तिची लेक कोकिळा पिंपळगाव राजाहून आली आहे. जाताना माझ्याकडे आली आणि घडी केलेला एक कागद पुढे धरला. मायच्या कनवटीला होता, चिंधीत गुंडाळलेला. ओला लगदा झाला होता, हिने तव्यावर ठेवून वाळवला.

"मले वाचता येत नाही, मालक. घराची पावती हाय. मायच्या नावाचा एवढाच कागद. माह्याकडं चुलीपाशी जळून जाईन, तुमच्या पेटीत राहू द्या."

रडली नाही. पवळ्याजवळ गेली, त्याच्या मानेवर हात ठेवला आणि तशीच एस. टी. गाठायला निघाली. कागद मी या रोजनिशीतच ठेवला आहे. उघडून पाहायला हात होत नाही.

ता. १६ ऑगस्ट

चार दिवस विचार करून ठरवलं. पंचायतीत गेलो. इंद्रभानला म्हटलं, नाल्यावरचा पूल मी बांधून देतो. पूर्ण. माझ्या खर्चाने. जनकाबाईच्या नावाने. तिच्या नावाचा दगड बसवू, खाली बारीक अक्षरांत माझं नाव.

वाटलं होतं, तो उठून उभा राहील. तो जागचा हलला नाही. "पूल नका देऊ, महादेवराव. पट्टी द्या. माडीची. तुमी देली का बाकीचे अकराही देतीन. मंग गाव आपला पूल आपन बांधीन."

"अरे, चाळीस रुपयांच्या जागी हजारो देऊन राह्यलो मी तुला!"

"हाव ना. तेच तं नको."

माझा आवाज चढला. म्हटलं, अशाने तुमच्या गोठ्याचा रुपयासुद्धा भरणार नाही मी. तो म्हणाला, "गोठ्याची तं भरून झाली." कोणी भरली, विचारलं. तो रजिस्टर मिटून आत निघून गेला.

घरी येऊन सुभद्रावर ओरडलो. माझ्या मागे कचरूच्या हाताने रुपया पाठवतेस? माझी शोभा करतेस गावात? ती म्हणे, "मी नाही पाठवला. माह्या गळ्याची शपत." कचरूही नाही म्हणतो. खोटं बोलतात दोघंही.

ता. १७ ऑगस्ट

पावती उघडली. शाई फुटली आहे, पण वाचता येतं. माझं नाव. गोठा, एक. जमा रुपया एक. बाकी नाही. तारीख ३१ जुलै. हस्ते जनकाबाई पुंजाजी.

१४ जुलैचं पान काढून पुन्हा वाचलं. तिच्या घराचा रुपया अजून बाकीच आहे.